एकला परत फिरायचं: लोकलने पेठचा किल्ला

आंबिवली दोन आहेत, हे आधी सांगून टाकते. एक कसारा लाइनवर, शहाडच्या पुढचं स्टेशन. दुसरी कर्जत तालुक्यात, पेठच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि तिथे रेल्वे जात नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसातला एक नवा मुलगा पहिल्या आंबिवलीला उतरला आणि फोनवर मला विचारायला लागला, "ताई, किल्ला पूर्वेला की पश्चिमेला?" तोवर आमचं नेरळ मागे पडलं होतं. बिचारा परत कल्याणला आला, वडापाव खाल्ला आणि घरी जाऊन झोपला. तेव्हापासून ट्रेकच्या निरोपात पहिली ओळ हीच टाकते: इंडिकेटरवर 'एस' म्हणजे कर्जत, 'एन' म्हणजे कसारा. आपली 'एस'. खोपोलीची आली तरी बसा, तीही कर्जतवरूनच जाते. बदलापूरची आली तर सोडा.

मी भांडुपला राहते, वय एक्कावन्न. मी काही गिर्यारोहक नाही, दोर लावून कधी कडा चढलेली नाही. पण गेली बारा वर्षं पावसाळा सरता सरता आठ-दहा नवशिक्यांना घेऊन डोंगरात जाते आणि सगळ्यांना त्याच दिवशी घरी आणते. गाडी नाही, मुक्काम नाही, कुणाकडून फी नाही. लोक विचारतात, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे: कोथळीगड. वाटेतल्या पेठ गावावरून सगळे त्याला पेठचा किल्लाच म्हणतात. वाट रुंद आहे, मध्यावर गाव आहे, आणि शेवटी छाती धडधडावी एवढाच अवघड तुकडा आहे. पहिल्या ट्रेकला याहून जास्त काही लागत नाही.

ट्रेक आखायचा तो उलटा, घराच्या दारापासून किल्ल्याकडे. नवशिके 'किती वाजता निघायचं' यावर तासभर चर्चा करतात, 'किती वाजता परत फिरायचं' हे कुणी विचारत नाही. माझा हिशेब असा. रात्री आठच्या आत घरी यायचं, म्हणजे कर्जतहून सहाच्या आसपासची लोकल हवी. त्यासाठी आंबिवलीतून चारला गाडी हलली पाहिजे, म्हणजे पेठ गाव अडीचला सोडायचं. गावात जेवायला तासभर तरी जातो. म्हणून माथ्यावरून एकला उतरायला लागायचं. माथा गाठला नसेल तरी एकलाच. जिथे असू तिथून पाठ फिरवायची, त्यावर चर्चा नाही.

हा एकचा नियम मी कुठे वाचलेला नाही, तो भोगून आला. पहिल्यांदा गेलो तेव्हा वर फोटो काढता काढता तीन वाजले. आंबिवलीत उतरलो तर संध्याकाळचे सहा आणि शेअरची शेवटची गाडी गेलेली. अर्धा तास रस्त्यावर उभे होतो. शेवटी काकड्यांच्या गोण्या घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याने आम्हा सात जणांना गोण्यांवर चढवून कर्जतच्या वाटेवरच्या कशेळ्यापर्यंत सोडलं. घरी पोचले साडेअकराला. सासूबाई गॅलरीत उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण आठवडाभर काहीच बोलल्या नाहीत.

आता जाण्याची बाजू. भांडुपला फास्ट गाड्या फारशा थांबत नाहीत, म्हणून मी सव्वापाचला घर सोडते आणि ठाण्याला गाडी बदलते. साडेसातच्या सुमाराला कर्जत. तिथे चहा आणि नाश्ता उरकूनच घ्या, पुढे मनाजोगतं मिळेलच असं नाही. कर्जतहून आंबिवलीकडे जाणारी एसटी मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर दिवस बांधू नका. टमटम किंवा इको करून आधी कशेळे, तिथून आंबिवली, असे दोन टप्पे करता येतात. आठ-दहा जण असाल तर अख्खी गाडीच ठरवा. भाडं बसायच्या आधी बोला आणि येतानाचंही तेव्हाच बोला. ड्रायव्हरचा नंबर एकाने नाही, तिघांनी घ्या, कारण ज्याच्याकडे नंबर असतो त्याचीच बॅटरी संपते.

निघण्याआधीचे दोन दिवस बातम्यांचे. रविवारचा ट्रेक असेल तर शुक्रवारी हवामान खात्याचा इशारा बघायचा. इथे मुंबईकर हमखास चुकतात, कारण ते मुंबईचा रंग बघतात. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे, तेव्हा रायगडचा बघा. आणि पेठच्या मागची भिंत म्हणजे भीमाशंकरचा डोंगर, म्हणून पुण्याच्या घाटमाथ्याचाही बघा. तिकडच्या कड्यावर पडलेलं पाणी आपल्याकडे उतरतं. चोवीस तासांत पाऊस ६४.५ मिलिमीटर किंवा वर गेला की तो 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या पुढे 'अत्यंत जोरदार', अशी खात्याची प्रतवारी आहे. माझी त्याहून सोपी: लाल तर रद्द, नारिंगी असेल आणि बरोबर नवीन लोक असतील तरी रद्द, पिवळ्याला जायचं पण ओढ्यात उतरायचं नाही.

त्याच दिवशी जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेशही बघून ठेवा. पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडच्या धबधब्यांवर आणि धरणांवर असे आदेश निघतात. पूर्वी सगळे त्याला 'एकशे चव्वेचाळीस' म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते कलम १६३ झालं. आदेश असताना 'कोण बघतंय' म्हणून जाणाऱ्यांचा मला राग येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. त्या वाडीत आम्ही कितीदा चहा प्यायलो होतो. त्यानंतर जुलैत नवशिक्यांना न्यायचं मी बंद केलं. सप्टेंबरच्या मधल्यापासून पुढे जाते. पाऊस दमलेला असतो, तेरडा आणि सोनकी फुललेली असते आणि वाट दिसते.

शनिवारी मेगाब्लॉक बघायचा. रविवारी मध्य रेल्वेचा ब्लॉक सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो. जाताना आपण त्याच्या आधी निसटतो, पण येताना गाड्या अजून रुळावर आलेल्या नसतात. त्यामुळे कर्जतला अर्धा तास जास्त धरून ठेवा. जमलं तर शनिवारीच जा, किल्ल्यावर गर्दीही कमी.

सामानाची लांबलचक यादी देत नाही. बूट कोरे करकरीत नकोत. आधी पंधरा दिवस ते घालून बाजारात जा. तळव्याची नक्षी झिजली असेल तर ते बूट कितीही महाग असले तरी डोंगराला बाद. तीन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू, चिक्की, तिखटामिठाच्या पुऱ्या. सॅकच्या आत एक मोठी प्लास्टिकची पिशवी घालून सगळं सामान तिच्यात भरायचं, वरचं रेनकव्हर पुरत नाही. छत्री नको, हात मोकळे लागतात. जीन्स तर नकोच. ती भिजली की मांडीला सिमेंटचं पोतं बांधल्यासारखं होतं आणि वाळत काही नाही. आणि घरच्या कोरड्या कपड्यांचा एक जोड.

सराव हवाच. बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जा, साधारण सहा किलोमीटर होतात, आणि चालतच परत या. पार्क सोमवारी बंद. सरावाच्या दिवशी बसकडे डोळा गेला तर पेठ पंधरा दिवस पुढे ढकला.

आता वाट. आंबिवलीतून गाडीरस्त्यासारखी रुंद वाट पेठ गावाकडे चढते. नवशिक्यांना पावणेदोन तास लागतात. वाट सोपी, पण सावली तुकड्यातुकड्याने आहे आणि सप्टेंबरचं ऊन पावसाच्या उघडिपीत फार चावतं. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. मी स्वतः शेवटी चालते. पुढे धावणाऱ्या एकदोघांना गप्प करायचा उपाय म्हणजे त्यांच्या सॅकमध्ये सगळ्यांच्या जेवणाचे डबे भरणे.

वाटेत ओहोळ लागतात. बहुतेक वेळा घोट्याएवढं पाणी असतं. तरी एक गोष्ट मी तिथे सगळ्यांना थांबवून दाखवते. पाणी नितळ आहे ना, तळाचे खडे दिसतात ना, ते आधी बघायचं. मग पलीकडच्या एखाद्या दगडावर पाणी कुठवर आलंय ते नजरेत धरायचं आणि दोन मिनिटं नुसतं उभं राहायचं. पाणी तांबडं होऊ लागलं, सुकी पानं आणि काटक्या तरंगत आल्या, खळखळीचा आवाज जाडसर झाला, तर वर कुठेतरी कोसळतोय. आपल्या डोक्यावर आभाळ निळं असलं तरी. अशा वेळी ओलांडायचं नाही, मागे सरून उंचावर बसायचं. पाणी चढतं तसं उतरतंही. आम्ही एकदा पाऊण तास बसलो होतो, पुऱ्या तिथेच संपल्या.

पेठ गावात आदल्या दिवशी फोन करून जेवण सांगून ठेवा. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. न सांगता दहा जण दारात उभे राहिले तर त्या बाईने चुलीवर काय चमत्कार करायचा? पैशांत घासाघीस करू नका. वर जाताना जड सॅक त्यांच्या ओसरीवर ठेवता येतात.

गावातून सुळका समोर उभा दिसतो. झाडीतून तासाभराची खडी चढण, मग सुळक्याच्या पायथ्याला कातळात खोदलेली गुहा. तिच्या खांबांवर कोरीवकाम आहे, डोळे अंधाराला सरावले की दिसतं. घाई करू नका, इथेच श्वास घ्या, कारण पुढे पेठचा खरा ऐवज आहे: सुळक्याच्या पोटातून वर खोदत नेलेला जिना. दोन्ही बाजूंना कातळ, वर आभाळाचा तुकडा, पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच. पावसात त्यांच्यावरून पाणी वाहत येतं आणि कडेला हिरवं बुळबुळीत शेवाळ धरतं.

चढताना कुणी अडत नाही. अडतात उतरताना, कारण तेव्हा खाली दिसतं. दोन पाय आणि दोन हात, या चारांतले तीन कायम कातळाला टेकलेले हवेत. सुटेल तो एकच. पायरीच्या मधल्या, झिजून खरखरीत राहिलेल्या भागावर पाय टाकायचा, कडेच्या हिरव्यावर नाही. भीती वाटली तर तोंड कातळाकडे करून शिडीसारखं उतरायचं, नाहीतर सरळ बसून उतरायचं. पँट मळेल, धुता येते. एका वेळी एका पायरीवर एकच माणूस. मोबाइल खिशात. माझ्या गटात एका काकांनी जिन्याच्या अर्ध्यावर बैठक मारली आणि "मी इथेच राहतो" म्हणाले. त्यांना समजावण्यात वेळ घालवला नाही. मी दोन पायऱ्या खाली उभी राहिले आणि त्यांचा एकेक पाय हाताने धरून पायरीवर ठेवत गेले. तेरा-चौदा पायऱ्यांनंतर ते स्वतःच उतरायला लागले.

माथा लहान आहे. समोर भीमाशंकरचा कडा, अलीकडे पदरगड. ढग आला तर यातलं काहीच दिसणार नाही, पांढऱ्या भिंतीत उभे राहाल. कड्यापासून दहा पावलं आत बसा. आणि घड्याळ बघा.

उतरून आंबिवलीत वेळ उरलाच तर चिल्लार नदीकाठी जुनी लेणी आहेत, तिकडे चक्कर मारा. आमचा उरलाय फक्त दोनदा.

कर्जतला कोरडे कपडे बदलूनच फलाटावर या. गाडी तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते, पण चिखलाच्या पँटने सीट भरवलीत तर बदलापूरला चढणारी बाई तुम्हाला जे ऐकवेल ते बरोबरच असेल. फलाटावर डोकी मोजा. घरी पोचलं की प्रत्येकाने निरोप टाकायचा. दहापर्यंत ज्याचा येत नाही त्याला मी फोन करते. आजवर जितक्यांना केला, ते बहुतेक गाडीत झोपून थेट सीएसएमटीला पोचलेले निघाले.