जुना क्रिस्टल पेला घेताना आधी काठावरून बोट फिरवा

नागपूरच्या इतवारीतल्या एखाद्या जुन्या घरातलं सामान विकायला निघतं, तेव्हा 1950-60च्या काळातले देठाचे क्रिस्टल पेले कधीकधी हाती लागतात. भाव विचारण्याआधी काठावरून बोटाचं टोक हलकेच फिरवा. डोळ्यांना न दिसणारा बारीक टवकाही तिथे कळतो. मग देठ धरून काठाजवळ नखानं टिचकी मारा. शिशाचं क्रिस्टल (शिसं हा धातू मिसळलेली काच) घंटेसारखं निनादत राहतं, साधी काच 'टक' करून थांबते. पेला वजनदार असूनही आवाज बसका आला, तर कुठेतरी तडा आहे का ते उजेडात पाहा. नक्षीही बोटानंच तपासा: हातानं कापलेल्या पैलूंच्या कडा टोकदार लागतात, साच्यातल्या काचेच्या गोलसर, आणि तिच्यावर बहुधा उभी शिवण असते.

घरी आणल्यावर आपल्या उन्हाळ्याचं भान ठेवा. मे महिन्यात कपाटातला पेला चांगलाच तापलेला असतो. त्यात एकदम बर्फाचं पाणी ओतलं की तडकू शकतो. मला तर असे पेले उन्हाळ्यात बाहेर काढवतच नाहीत. बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पातळ व्हिनेगरनं निघतो, नंतर लगेच धुवा. सोनेरी काठ असेल तर मात्र व्हिनेगर नकोच. पेले सरळ ठेवा, उलटे ठेवले की सगळं वजन नाजूक काठावर येतं.

संत्र्याचा रस त्यात पिऊन लगेच संपवा. रात्रभर भरून ठेवला तर आंबटपणानं शिसं पाझरतं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला या पेल्यातून काहीच देऊ नका.