मित्राच्या कर्जाला जामीन राहण्याआधी काय तपासावं, आणि सही होऊन गेली असेल तर काय करावं

तालुक्याच्या एका पतसंस्थेत मी बरीच वर्षं वसुलीचं काम पाहिलं. नोटीस हातात घेऊन येणाऱ्या जामीनदाराचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असायचं: "साहेब, मी तर नुसती सही केली होती." शिक्षक, एसटीचे वाहक, जिल्हा परिषदेतले कारकून अशी ही माणसं. दरमहा ठरलेला पगार, म्हणून जामीनदार म्हणून सगळ्यांना हवीशी. त्यांच्यातला कुणी लबाड नव्हता. त्यांना सहीचा अर्थ कुणी सांगितला नव्हता, तो इथे सांगतो.

आधी कायदा समजून घ्या

भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८. करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. अर्धी नाही, "तो पळाला तरच" अशीही नाही. "आधी त्याचं घर विका, मग माझ्याकडे या" हे म्हणणं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ सालीच अमान्य केलं आहे. हप्ता थकला की बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. आणि येतेच, कारण तुमचा पगार तिला दिसतो.

मग हिशोब मांडा, तोही कर्ज आपलंच आहे असं धरून

समजा ५ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत. हप्ता साधारण ११,१२० रुपये. मित्रानं दोन वर्षं नियमित भरलं आणि मग दुकान बंद पडलं, तर त्या दिवशी मुद्दलच सुमारे ३ लाख ३५ हजार उरलेलं असतं. त्यावर व्याज, दंड आणि वसुलीचा खर्च. स्वतःच्या घराचा हप्ता आणि मुलांची फी भरून ही रक्कम पेलेल का, हे बायकोसमोर किंवा नवऱ्यासमोर बसून मांडा. घरात न सांगता केलेल्या सहीनं संसारात किती कडवटपणा येतो, ते मी टेबलापलीकडून पाहिलं आहे. पेलणार नसेल, तर पुढच्या पायऱ्यांकडे जायचं कारणच नाही.

मित्राला चार गोष्टी विचारा

कर्ज कशासाठी? तारण काय? आधीची देणी किती? हप्ता कुठल्या उत्पन्नातून? यातला कळीचा प्रश्न पहिला. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज काढतोय, असं उत्तर आलं तर थांबा. सहा महिन्यांचा बँकेचा खातेउतारा आणि सिबिलचा, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद दाखवणारा, अहवाल मागा. अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यामुळे तो न दाखवायला सबब उरत नाही. मागताना संकोच वाटेल. पण जो तुमच्या पगाराचा दाखला मागतो, त्याच्याकडे खातेउतारा मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

कागद वाचल्याशिवाय पेन उघडू नका

फॉर्म दुपारी आणून "आजच शेवटची तारीख आहे" असं सांगितलं जातं. दोन दिवस मागा. मग हे पाहा:

रक्कम, व्याजदर आणि मुदत भरलेली आहे का. कोऱ्या जागांवर सही नको.

हमी याच एका कर्जापुरती आहे की कर्जदाराच्या "सर्व सध्याच्या व भविष्यातील" कर्जांना. दुसरा शब्दप्रयोग दिसला तर तो खोडून घ्या, नाहीतर फॉर्म परत द्या.

कर्जाच्या अटी तुम्हाला न विचारता बदलायला तुमची आगाऊ संमती लिहून घेतली आहे का. तुमच्या संमतीवाचून अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांतून कलम १३३ प्रमाणे जामीनदार मोकळा होतो. ही ढाल त्या एका ओळीनं हातातून जाते, आणि छापील फॉर्ममध्ये ती ओळ बहुधा असतेच.

सहीचे कोरे चेक मागतात का. जामीनदाराचा चेक न वटला तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या (चेकविषयीच्या कायद्याच्या) कलम १३८ चा फौजदारी खटला होऊ शकतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोरा चेक देऊ नका.

पगारातून कपात करायचं संमतीपत्र गठ्ठ्यात आहे का. असेल तर पुढे तुम्हाला विचारायला कुणी येणार नाही, पगारच कमी येईल.

सही केलीत तर प्रत्येक कागदाची प्रत घ्या. आमच्याकडे आलेल्यांपैकी फार थोड्यांकडे ती असायची.

नाही म्हणायचं असेल तर

मोघम बोलू नका. "बघतो, सांगतो" म्हटलं की मित्र तुमच्या भरवशावर राहतो. "तुझ्या अडचणीत मी आहे, पण जामीन राहणार नाही. घराचा हप्ता चालू आहे, दुसरा पेलणार नाही" इतकं पुरतं. हरकत नसेल तर झेपेल तेवढी रक्कम हातउसनी द्या, परत नाही आली तरी चालेल एवढीच. आणि वाट दाखवा. छोट्या धंद्याला मुद्रा योजनेत तारण लागत नाही, घरात सोनं असेल तर सोनेतारणाला जामीनदार सहसा लागत नाही. तिथे तो गेला होता का, हे विचारा. कित्येकांनी चौकशीच केलेली नसते.

सही होऊन गेली असेल तर

एकदा पूर्ण वाटप झालेल्या मुदत कर्जाचा जामीन एकतर्फी मागे घेता येत नाही. दुसरा जामीनदार द्यायचा, तर संस्थेची लेखी मंजुरी लागते. कॅश क्रेडिटसारख्या, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत पुन्हापुन्हा पैसे उचलता येतात अशा कर्जाचं वेगळं आहे: तिथे करारात आडकाठी नसेल तर करार कायद्याच्या कलम १३० खाली लेखी कळवून पुढच्या उचलीपुरता जामीन थांबवता येतो.

म्हणून लक्ष ठेवणं हाच उपाय. दर तीन महिन्यांनी कर्जखात्याचा उतारा लेखी मागा. तुमचा बदललेला पत्ता आणि मोबाईल नंबर संस्थेला कळवा, कारण नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन पडते. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादक (एनपीए) होतं, आणि त्याची नोंद तुमच्याही सिबिलवर येऊ शकते. एका शिक्षकांना मित्राचं कर्ज थकल्याचं कळलं तेच मुलीच्या शैक्षणिक कर्जाला अर्ज केल्यावर. पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात मित्राला घेऊन शाखेत जा. हप्ता तुम्हाला भरावा लागला तर थेट कर्जखात्यात भरा आणि पावती घ्या. मित्राच्या हातात रोख देऊ नका.

कलम १०१ ची नोटीस आली तर

पतसंस्था, पगारदार संस्था आणि नागरी सहकारी बँका महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला मिळवतात. त्याआधी सुनावणी असते. तिला हजर राहा, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे. चुकीचं व्याज, भरलेले पण न दाखवलेले हप्ते, खोटी सही, जे असेल ते तिथेच लेखी मांडा. लोक घाबरून जात नाहीत आणि दाखला एकतर्फी निघतो. त्यानंतर पुनरीक्षण अर्ज करायचा, म्हणजे दाखल्याविरुद्ध वर दाद मागायची, तर आधी वसुलीच्या रकमेचा निम्मा भाग भरावा लागतो. तोवर वसुली अधिकाऱ्याला जप्तीचा अधिकार मिळालेला असतो.

पैसे भरलेत तर परत मागा

तुम्ही रीतसर भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क करार कायद्याचं कलम १४५ देतं. कर्ज पूर्ण फेडलंत तर कलम १४० आणि १४१ प्रमाणे संस्थेकडचं तारणही तुमच्या हक्कात येतं, ते लेखी मागा. दुसरे जामीनदार असतील तर कलम १४६ नुसार भार सारखा वाटायचा. दावा लावायची मुदत पैसे भरल्यापासून तीन वर्षं. मैत्रीच्या भिडेनं ही तीन वर्षं हातची जातात, म्हणून निदान भरलेल्या रकमेची कबुली मित्राकडून मुदतीच्या आत सहीनिशी लिहून घ्या.

कर्ज मित्रानंच फेडलं तरी एक काम उरतं. बेबाकी दाखल्याची (कर्ज पूर्ण फिटल्याच्या दाखल्याची) प्रत, तुमचे चेक आणि हमीपत्र परत घ्या. सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर तो कमी झाल्याचा नवा उतारा काढा, आणि दोन महिन्यांनी सिबिलवर ते कर्ज बंद दिसतंय का ते पाहा.