जुन्या पोर्शे 914 मध्ये सुबारूचं इंजिन कसं बसवावं

पोर्शे 914 ही 1969 ते 1976 या काळात बनलेली दोन सीटची गाडी. इंजिन सीटच्या मागे पण मागच्या ॲक्सलच्या पुढे, आणि वजन हजार किलोच्या आत. सुरुवातीच्या गाड्यांतलं 1.7 लिटरचं एअर-कूल्ड फोक्सवॅगन इंजिन जेमतेम 80 हॉर्सपॉवर देतं. त्यामुळे इथे दुसरं इंजिन टाकायचा खटाटोप लोक फार पूर्वीपासून करत आलेत. कुणी पोर्शेचंच सहा सिलिंडरचं टाकतं, कुणी शेवरोलेचं व्ही-एट. माझा कौल सुबारूच्या ईजे मालिकेला. मूळ इंजिनासारखंच ते आडवं, फ्लॅट-फोर (दोन-दोन सिलिंडर समोरासमोर झोपवलेले) आहे, म्हणून वजन खालीच राहतं. फिरण्याची दिशाही तीच, त्यामुळे गिअरबॉक्सशी झगडावं लागत नाही. मात्र हे इंजिन पाण्याने थंड होतं, आणि काच धुण्याची बाटली सोडली तर 914 मध्ये पाण्याचा पत्ताच नाही. इंजिन जागेवर लवकर बसतं. वेळ खातात ते पाणी आणि वायरिंग.

1. आधी पत्रा तपासा

या गाडीची बॅटरी इंजिनाच्या कप्प्यात उजव्या बाजूला असते. तिचं ॲसिड वर्षानुवर्षं खाली ठिबकतं आणि नेमकं मागच्या सस्पेन्शनच्या आधाराला व दाराखालच्या लांब बीमला गंज चढवतं. बॅटरीचा ट्रे काढा आणि खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. मग दारं बंद ठेवून गाडी मागून जॅकवर उचला. दार आणि मागच्या फेंडरमधली फट वरच्या बाजूला आवळत असेल, तर बीम कमकुवत झाला आहे. आधी वेल्डिंग करून घ्या. इंजिनाचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.

2. इंजिन निवडा

2.2 लिटरचं ईजे22 रोजच्या वापराला सगळ्यात निर्धोक. ताकद 130 हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे मूळ गाडीच्या दीडपटीहून जास्त. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या ईजे22 मध्ये टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. ईजे25 मध्ये जोर जास्त, पण हेड गॅस्केटची (सिलिंडर हेडखालच्या सीलची) तक्रार जुनी आहे. टर्बोचा मोह होईल. 914 चा मूळ गिअरबॉक्स एवढ्या टॉर्कसाठी (फिरवण्याच्या जोरासाठी) बनलेला नाही, हे लक्षात असू द्या.

नुसतं इंजिन घेऊ नका. शक्यतो अख्खी गाडी घ्या, नाहीतर निदान न कापलेलं वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि सगळे सेन्सर तरी एकाच गाडीचे मिळवा. इंजिन स्टँडवर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप आणि मागचा ऑइल सील बदलून टाका. गाडीत बसल्यावर तिथे हात पोहोचणं कठीण.

3. जुनं उतरवा, नवं जोडा

914 चं इंजिन गिअरबॉक्ससकट खालून निघतं, त्यामुळे गाडी भक्कम स्टँडवर चांगली उंच घ्यावी लागते. जुना गिअरबॉक्स ठेवायचा तर ॲडॉप्टर प्लेट (दोघांना जोडणारी मधली प्लेट) आणि त्याला जुळणारं फ्लायव्हील लागतं. दोन्ही एकाच विक्रेत्याकडून घ्या. वेगवेगळे घेतले की क्लचची खोली जुळत नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स हाताच्या जोराने एकमेकांना टेकले पाहिजेत. बोल्ट आवळून ओढून घ्यावं लागत असेल तर थांबा, शाफ्ट कुठेतरी अडकतोय. सुबारूचा सम्प, म्हणजे तळाची ऑइलची टाकी, बराच खाली लोंबतो, तो कापून उथळ करून घ्यावा.

4. पाण्याची सोय

रेडिएटर पुढच्या डिकीत बसतो. समोरून हवा आत घ्यायला सगळे जागा करतात, पण ती बाहेर पडायला वाट ठेवायची विसरतात. रेडिएटरच्या मागची गरम हवा चाकांच्या कमानीतून किंवा तळातून निघून गेली पाहिजे. रेडिएटरच्या कडेच्या फटी पत्र्याने किंवा फोमने बुजवा, नाहीतर हवा सोपा रस्ता धरते आणि जाळीतून जातच नाही.

पुढून मागे जाणारे दोन पाइप सव्वा ते दीड इंच व्यासाचे, धातूचे असावेत. त्यांच्या टोकांना उठाव काढलेला हवा, म्हणजे होज निसटत नाही. जॅक लावायच्या जागेवरून पाइप नेऊ नका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. ईजे इंजिनात थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) पाणी बाहेर पडण्याच्या वाटेवर नसून वॉटर पंपाच्या तोंडाशी, म्हणजे रेडिएटरकडून थंड पाणी परत येतं त्या बाजूला असतो. इंजिन तापल्याचं त्याला कळतं ते मुख्यतः हीटरमधून फिरून येणाऱ्या गरम पाण्यामुळे. 914 चा मूळ हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालायचा, तो आता गेला. म्हणून अनेकजण सुबारू इंजिनावरची हीटरच्या पाण्याची दोन्ही तोंडं बुच मारून बंद करतात. मग इंजिन उकळत असतं आणि थर्मोस्टॅट निवांत मिटलेला. केबिनमध्ये पाण्याचा हीटर बसवा, किंवा ती दोन तोंडं निदान एका होजने एकमेकांना जोडून द्या.

5. वायरिंग आणि पेट्रोल

सुबारूचं वायरिंग टेबलावर पसरून, आकृती समोर ठेवून एकेक वायर ओळखा. दिवे, काचा, दारं यांच्या वायरी काढा. इंजिनाच्या राहू द्या. प्रत्येकीला चिठ्ठी चिकटवा. नव्या इंजिनांना इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारं कुलूप) असतो, त्याचा बंदोबस्त आधीच करा. 914 चा स्पीडोमीटर केबलवर चालतो, म्हणून ईसीयूला वेगाचा सिग्नल देणारा सेन्सर वेगळा बसवावा लागतो.

गाडीच्या मधल्या बोगद्यातून जाणाऱ्या पेट्रोलच्या मूळ नळ्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि एव्हाना त्या कडक होऊन तडकण्याच्या बेतात असतात. मूळ इंजेक्शनचा दाब सुमारे 2 बार. सुबारूचा त्याहून जास्त. स्टेनलेस स्टीलच्या नळ्या टाका आणि नवा पंप पुढे, टाकीजवळ लावा. यात काटकसर नको. गळणारं पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनापाशी पोहोचतं.

6. पहिल्यांदा चालू करताना

पाणी भरण्याची जागा सगळ्यात उंच हवी. रेडिएटरलाही वरच्या कोपऱ्यात हवा काढायचा स्क्रू असू द्या. आधी इग्निशन तोडून, नुसता स्टार्टर फिरवून ऑइलचा दाब येतो का बघा, मग चालू करा. इंजिन तापेपर्यंत तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नका. पुढच्या दोन्ही पाइपांना लांबूनच हात नेऊन बघा: एक कढत आणि दुसरा गार असेल, तर आत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट उघडलेला नाही. पंखा आपोआप सुरू झाला, पुन्हा बंद झाला, की इंजिन बंद करा. पूर्ण गार झाल्यावर पाणी पुन्हा भरा, सगळे क्लॅम्प आणखी एकदा आवळा, आणि रस्त्यावर उतरण्याआधी इंजिन बदलाची नोंद व विमा तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे करून घ्या.