अधिवेशनात मोठी घोषणा करायची असेल तर: आधी सभागृह, मग सांगली

मंत्र्यांच्या कार्यालयात घोषणेची तयारी करत असाल तर अधिवेशन चालू आहे का, ते आधी बघा. शनिवार-रविवार बैठक नसते म्हणून मंत्री नागपूरहून सांगली-साताऱ्याला येतात आणि घोषणा नेमकी त्याच दोन दिवसांत फुटते. विट्यात सत्कार, समोर गर्दी, हातात माईक. बैठक नसली तरी अधिवेशन चालूच असतं, त्यामुळे सोमवारी सभागृहात औचित्याचा मुद्दा (‘हे इथे आधी का सांगितलं नाही?’) ठरलेला. धोरणात्मक निर्णय बाहेर आधी सांगितला तर हक्कभंग होत नाही, फक्त आधी सभागृहात सांगायचा संकेत मोडतो, हा युक्तिवाद कायद्याने बरोबर आहे. पण दिवसभराचं कामकाज बुडायला तेवढं पुरतं. आचारसंहिता लागली असेल तर घोषणाच नाही, विषय संपला.

मसुदा. समजा, सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पाण्यापासून वंचित गावांसाठी घोषणा आहे. ही तत्त्वतः मान्यता, प्रशासकीय मान्यता की सुप्रमा (सुधारित प्रशासकीय मान्यता), ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं. नुसतं ‘मंजुरी दिली’ लिहिलं की जो तो सोयीचा अर्थ काढतो. रक्कम कोणत्या वर्षाच्या दरसूचीवर (कामांच्या सरकारी दरांच्या यादीवर) काढली, ती अर्थसंकल्पात आहे की पुरवणी मागण्यांत, हेही लिहा. वित्त विभागाची सहमती कागदावर घ्या, फोनवरचं ‘होऊन जाईल’ धरू नका. गावांची यादी परिशिष्टात जोडा. ती नसली की पहिला प्रश्न ‘आमचं गाव आहे का?’ आणि मंत्री मान वळवून अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे बघतात.

आता फ्लेक्स. हो, फ्लेक्स! विधान भवनात सगळं गुपचूप, आणि सांगलीच्या विश्रामबागेत आदल्या रात्रीच अभिनंदनाचा बोर्ड, त्यावर कोटींचा आकडा. विरोधी बाकावरचा त्याच जिल्ह्यातला आमदार बोर्डाचा फोटो सभागृहात फडकावतो, मग निवेदनात काय लिहिलंय ते कोण ऐकणार? म्हणून मसुदा अंतिम होण्याच्या आधी मतदारसंघातल्या संपर्क कार्यालयाला फोन करा: बोर्ड छापायला द्यायचा नाही, डिझाइनसुद्धा पाठवायचं नाही. कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर मसुद्याचा फोटो जाणार नाही हे बघा. एकाला पाठवला की साताऱ्याच्या पोवई नाक्यापर्यंत पोचलाच म्हणून समजा. भूमिपूजनाची निमंत्रणपत्रिका आणि कोनशिला हेही फ्लेक्सच आहेत, फक्त महाग.

आणि वेळ लावून ठेवलेली पोस्ट हा सगळ्यात वाईट फ्लेक्स. निवेदन बाराला ठरतं, गोंधळात सभागृह तहकूब होतं, निवेदन संध्याकाळवर किंवा दुसऱ्या दिवसावर जातं. पोस्ट मात्र सव्वाबाराला निघून जाते, तिला तहकुबी कळत नाही. पोस्ट, प्रसिद्धिपत्रक, बोर्ड, तिन्ही घड्याळावर ठेवू नका. लॉबीत एक माणूस उभा करा. ‘वाचून संपलं’ हा त्याचा निरोप आला की मगच सोडा. हा माणूस कोण, हे नाव घेऊन ठरवा. ‘कुणीतरी सांगेल’ म्हटलं की कुणीच सांगत नाही. शासन निर्णय संकेतस्थळावर चढवणाऱ्या कक्षालाही हाच निरोप. तिथून फुटलं तर सहीसकट फुटतं.

प्रती. अध्यक्ष, सभापती, दोन्हीकडचे विरोधी पक्षनेते यांना आधी. ब्रिटनमध्ये मंत्र्यांच्या संहितेने निवेदनाच्या १५ प्रती किमान ४५ मिनिटं आधी मुख्य प्रतोदांच्या कार्यालयात पोचवायचं ठरवून दिलं होतं. आपल्याकडे अर्धा तास मिळाला तरी समोरचा निदान वाचून बोलतो.

विधान परिषद विसरू नका. अनुच्छेद १७७ मुळे मंत्री दोन्ही सभागृहांत बोलू शकतात, तेव्हा ‘मी तिकडचा सदस्य नाही’ ही सबब चालत नाही. त्याच दिवशी दोन्हीकडे वाचा. परिषदेचे ७८ सदस्य टीव्हीवर बातमी बघून आले की काय होतं ते सांगायला नको. दिल्लीत तर दोन घरांची तऱ्हाही वेगळी: लोकसभेत नियम ३७२ खाली निवेदनाच्या वेळी प्रश्न विचारता येत नाहीत, राज्यसभेत मात्र खुलासे मागायची प्रथा आहे. खासदार-मंत्र्यांच्या कार्यालयातल्यांनी राज्यसभेची तयारी जास्त ठेवावी.

वेळ प्रश्नोत्तरांच्या तासानंतरची मागा. कामकाजाच्या क्रमात विषय दाखवून घ्या.

निवेदन झालं की कार्यवृत्त (सभागृहातल्या बोलण्याची अधिकृत नोंद) तपासा, आकडा चुकला असेल तर दुरुस्ती त्याच सभागृहात, पत्रकारांकडे नव्हे. ओघात दिलेला ‘करू’ आश्वासन समितीकडे (सभागृहात दिलेला शब्द पाळला का ते बघणाऱ्या) जातो, तो विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा. मग बोर्ड लावा, हवे तेवढे.