गाडी सुरू होत नाही? नवी बॅटरी आणण्याआधी हे तपासा

चावी फिरवली आणि इंजिन फिरले नाही, की दोष लगेच बॅटरीवर येतो. पण बॅटरीचे सैल टर्मिनल किंवा गंजलेली अर्थची वायरही (बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडणारी) हुबेहूब तशीच लक्षणे दाखवते, आणि मग नवी बॅटरी बसवूनही गाडी आठवड्याने पुन्हा रुसते. साधा डिजिटल मल्टिमीटर आणि स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर) मारायला एक मदतनीस असला, की दोष नेमका सापडतो. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा. इंजिन अचानक सुरू होऊ शकते, म्हणून पंखा आणि बेल्टपासून हात, ओढणी दूर ठेवा.

१. आधी कान द्या. भराभर ‘टक-टक-टक’ वाजत असेल तर सोलेनॉइड (स्टार्टरचा विजेवर चालणारा स्विच) ओढला जातो, व्होल्टेज कोसळते, तो सुटतो आणि पुन्हा ओढला जातो. म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी खराब आहे. एकच जोरकस ‘टक्’ आला आणि दिवे फारसे मंदावले नाहीत, तर संशय स्टार्टरवर. काहीच आवाज नसेल तर थेट पायरी ४. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरूनही पेट घेत नसेल तर बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत. दोष इंधन, स्पार्क किंवा इमोबिलायझरकडे (चावी न ओळखल्यास इंजिन रोखणारी चोरीरोधक यंत्रणा) शोधा.

२. बॅटरी मोजा. हेडलाइट दोन मिनिटे लावून बंद करा, म्हणजे वरवरचा चार्ज निघून जातो. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा, १२ च्या खाली उतरलेली. आता मदतनीसाला स्टार्टर मारायला सांगा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. चार्ज होऊनही तसाच घसरला तर बॅटरी संपली.

३. जोडण्या तपासा. इथेच सर्वात जास्त फसगत होते. स्टार्टर शंभराहून अधिक अँपिअर खेचतो. जोडणीत ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी १५० अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जिरतो. ओहमवर ठेवलेल्या साध्या मीटरला हा अडथळा दिसत नाही, म्हणून व्होल्टच मोजा, तेही स्टार्टर मारत असताना. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरे तिच्यावरच्या क्लॅम्पवर: आकडा शून्याच्या आसपास हवा. मग निगेटिव्ह खुंटी ते इंजिनचा उघडा धातू: ०.२ च्या आत. पॉझिटिव्ह खुंटी ते स्टार्टरचा जाड बोल्ट: ०.५ च्या आत. या बोल्टला चावी बंद असतानाही करंट असतो. पाना अडकवू नका.

आकडा जास्त आला तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह क्लॅम्प काढा. पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुवा, आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. जोडताना निगेटिव्ह शेवटी.

४. काहीच आवाज नाही? क्लच पूर्ण दाबा. बऱ्याच नव्या गाड्या त्याशिवाय स्टार्टर फिरवतच नाहीत. ऑटोमॅटिक असेल तर ‘एन’मध्ये प्रयत्न करा. मग स्टार्टरचा फ्यूज पाहा, आणि त्याच नंबरचा हॉर्नचा रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) असेल तर अदलाबदल करून बघा. पुश-बटण गाडीत चावीतला सेल संपला असेल, तर चावी बटणाला टेकवून बटण दाबल्यावर अनेक गाड्या सुरू होतात.

५. जंप-स्टार्टने (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून) सुरू झाली तर उतरण्याचे कारण शोधा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत, १२.५ च्याच घरात राहिले तर अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट पाहा. चार्जिंग ठीक असूनही रात्रीत उतरत असेल, तर निगेटिव्ह वायर काढून ती आणि खुंटी यांच्या मधे मीटर १० अँपिअरवर जोडा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरपेक्षा बरेच जास्त दिसले तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल, चोरी त्या सर्किटमध्ये. मीटर असा जोडलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचा फ्यूज जागीच उडेल.