गाडी रिच चालते? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

रिच म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. काळा धूर, काळेकुट्ट प्लग, सायलेन्सरच्या तोंडाशी कोरडी काजळी आणि लिटरला पंधरा देणारी गाडी दहावर आलेली. अशी जुनी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) गाडी माझ्याकडे येते तेव्हा मालकाच्या खिशात बहुतेक वेळा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या नव्या ऑक्सिजन सेन्सरचं बिल असतं. गाडी मात्र होती तशीच.

सेन्सरला दोष देण्याआधी मल्टीमीटर लावा. इंजिन तापलं की त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली व्हायला हवा. तो ०.९ ला चिकटून बसला असेल, तर बहुतेक वेळा सेन्सर खरं सांगतोय: पेट्रोल जास्त आहे. त्याला बदलून काय मिळणार? उलट प्लग काळे आणि सेन्सर ०.१ दाखवतोय, तर आधी सेन्सरच्या अलीकडे, इंजिनच्या बाजूला, एक्झॉस्ट लीक शोधा. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो आणखी ओततो. मिसफायरनेही, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण न पेटल्यानेही, हेच होतं, कारण न जळलेला ऑक्सिजन थेट सेन्सरपर्यंत जातो.

आता ज्या चुकीचा मला मनापासून राग येतो ती. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून फेकणे.

गेल्या डिसेंबरात नाशिकची एक मारुती झेन आली. वर्षभरात दोनदा प्लग, एकदा ऑक्सिजन सेन्सर, एकदा इंजेक्टर क्लीनिंग असं सगळं झालेलं. अर्धा तास फिरवून आणली आणि कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स मोजला: ९०० ओहम. इंजिन तापेल तसा तो उतरतो; या सेन्सरचा ८० अंशांना तीनशेच्या आसपास हवा. हाताखालचा पोरगा लगेच म्हणाला, "दादा, सेन्सर गेला, नवीन टाकू." मी त्याला थांबवलं. इंजिन गार झाल्यावर सेन्सर काढून गरम पाण्यात थर्मामीटरसोबत धरला. आकडे अगदी बरोबर. म्हणजे सेन्सर ठीक होता, इंजिनच तापत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडी सुरू केली आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. थर्मोस्टॅट असेल तर हा होज बराच वेळ गार राहतो, मग एकदम चटका देतो. इथे दोनच मिनिटांत कोमट. हाउसिंग उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी कसारा घाटात गाडी तापली होती, तेव्हा कुणीतरी "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून काढलेला. तेव्हापासून ईसीयू बिचारा इंजिन गार आहे असं समजून जादा पेट्रोल देत होता. थर्मोस्टॅट, गॅस्केट, नवीन कूलंट एवढंच केलं. पंधरा दिवसांनी प्लग फिकट तपकिरी निघाले.

गाडी तापली तर रेडिएटर, फॅन, वॉटर पंप बघा. त्याला वेळ लागतो, हे मान्य. पण थर्मोस्टॅट काढणं ही दुरुस्ती नव्हे.

इंजेक्टरकडच्या पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा आत पेट्रोल दिसलं तर त्याचा आतला पडदा, डायफ्राम, फाटलाय. हे काम दोन मिनिटांचं आहे, तरी लोक आधी इंजेक्टर उतरवतात.

इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा पाइप कडक होऊन चिरतो किंवा निसटतो. मग ईसीयूला वाटतं गाडी फुल लोडवर आहे. रबरी पाइप हाताने वाकवून बघा, नुसते डोळ्यांनी नाही.

एअर फिल्टर चोंदला म्हणून गाडी रिच झाली, हे कार्बोरेटरच्या काळचं गणित. मॅप सेन्सरच्या गाडीत त्याने ताकद कमी होते, मिश्रण फारसं बिघडत नाही.

आणि तपासणीआधी बॅटरीची वायर काढू नका. ईसीयूत साठवलेले दोषांचे कोड पुसले जातात आणि मग अंधारात चाचपडावं लागतं.

दोष सापडला की ऑइल बदलायला विसरू नका. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. त्या झेनची डिपस्टिक काढली तेव्हा ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं, पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोल पंपावर येतो तसा.