व्हिडिओतील ताणलेले किंवा चेपलेले चित्र पुन्हा एन्कोड न करता कसे सरळ करावे

व्हिडिओ लावल्यावर माणसे विनाकारण आडवी पसरलेली किंवा उभी ओढल्यासारखी दिसू लागली, की बहुतेक जण एखादे कन्व्हर्टर उघडतात आणि अख्खी फाइल नव्याने एन्कोड करायला, म्हणजे चित्र पुन्हा आकुंचित करून लिहायला, लावतात. चित्राचा आकार त्याने सुधारतो, पण दर वेळी नव्याने एन्कोड करताना चित्रातील बारकावे थोडे तरी पुसले जातात आणि ते परत मिळवण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. जुन्या घरगुती चित्रणाच्या बाबतीत हे नुकसान विशेष खटकते, कारण तिथे मुळातच तपशील कमी असतो. खरे तर अशा फाइलमधील पिक्सेल बहुधा सुस्थितीत असतात. ते पडद्यावर किती रुंद आणि किती उंच दाखवायचे याची फाइलमधील नोंद तेवढी चुकलेली असते, आणि ती चित्राला हात न लावता बदलता येते.

ही नोंद मुळात का लागते, हे समजले की पुढची कामे सोपी होतात. डिजिटल व्हिडिओतला प्रत्येक पिक्सेल चौरसच असतो असे नाही. १९८२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात दूरचित्रवाणीच्या प्रत्येक ओळीसाठी ७२० नमुने, म्हणजे पिक्सेल, निश्चित झाले, आणि पुढे डीव्हीडी व डीव्ही कॅमेऱ्यांनी तीच चौकट उचलली. त्यामुळे पाल या, भारतात व युरोपात रूढ असलेल्या, दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर ४:३ चे जुने चित्र आणि १६:९ चे रुंद चित्र ही दोन्ही ७२० × ५७६ पिक्सेलमध्येच साठवलेली असतात. पहिले दाखवताना ७६८ × ५७६ एवढे पसरावे लागते, तर दुसरे १०२४ × ५७६ एवढे. कोणते चित्र कसे पसरायचे हे फक्त त्या छोट्या नोंदीवरून कळते, आणि फाइल एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात जाताना ती गळून पडली की चेहरे बिघडतात. एचडीव्ही कॅमेऱ्यांचे चित्रणही असेच आहे. ते १४४० × १०८० मध्ये साठवलेले असते आणि १९२० × १०८० असे दिसायला हवे असते, त्यामुळे नोंद हरवली की सगळे उभट दिसू लागते.

दुरुस्तीला लागण्यापूर्वी दोष खरोखर फाइलमध्येच आहे याची खात्री करून घ्यावी. दुसरा एखादा व्हिडिओ त्याच टीव्हीवर तसाच विचित्र दिसत असेल, तर गडबड टीव्हीच्या झूमच्या सेटिंगमध्ये आहे आणि फाइलला हात लावण्याचे कारण नाही. दोष फाइलमध्ये असेल, तर ती व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून कळफलकावरील ए हे अक्षर पुन्हा पुन्हा दाबावे. प्रत्येक वेळी प्लेअर निराळे गुणोत्तर, म्हणजे रुंदी व उंचीचे प्रमाण, लावून दाखवतो आणि फाइलमध्ये काहीही बदल होत नाही, त्यामुळे योग्य गुणोत्तर निर्धास्तपणे शोधता येते.

नजरेचा भरवसा वाटत नसेल, तर मोजावे. चित्रणात कॅमेऱ्याकडे सरळ तोंड करून असलेली एखादी गोल वस्तू शोधावी, म्हणजे भिंतीवरचे घड्याळ किंवा बाजूने दिसणारे सायकलचे चाक. ती शक्यतो चौकटीच्या मध्याजवळची असावी, कारण कडेला भिंगामुळेच वर्तुळ वाकडे होते. तिथे व्हिडिओ थांबवून पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि कोणत्याही चित्र-संपादकात त्या वर्तुळाची रुंदी व उंची मोजावी. समजा चाक ३०० पिक्सेल रुंद आणि २२५ पिक्सेल उंच भरले, तर चित्र आडवे सुमारे १.३३ पट ताणले गेले आहे. सध्या दिसणारे गुणोत्तर १६:९, म्हणजे १.७८ असेल, तर त्याला १.३३ ने भागल्यावर पुन्हा १.३३ येतात, म्हणजेच मूळ चित्र ४:३ चे आहे. आलेला आकडा नेहमीच्या गुणोत्तरापासून एखाद-दोन टक्क्यांनी इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही, कारण मोजणीत तेवढी चूक होतेच.

यानंतर मीडियाइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये फाइल उघडून तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात: साठवलेली रुंदी-उंची, दाखवण्याचे गुणोत्तर आणि कंटेनर (फाइलचे वेष्टन) व कोडेक (चित्र आकुंचित करण्याची पद्धत) यांची नावे. शेवटची गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. गुणोत्तराची नोंद दोन ठिकाणी असू शकते, एक कंटेनरमध्ये, म्हणजे एमकेव्ही किंवा एमपी४ च्या वेष्टनात, आणि दुसरी थेट व्हिडिओ प्रवाहाच्या आत. दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळत नसतील, तर एक प्लेअर एकीचे ऐकतो आणि दुसरा दुसरीचे. संगणकावर ठीक दिसणारी फाइल टीव्हीवर बिघडते, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

फाइल एमकेव्ही असेल तर काम अगदी थोडे आहे. मूळ फाइलची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवावी, कारण पुढची दुरुस्ती नवी फाइल न बनवता त्याच फाइलमध्ये होते. मग एमकेव्हीटूलनिक्स उघडून त्यातील हेडर एडिटरमध्ये, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या नोंदी बदलण्याच्या विभागात, ही फाइल घ्यावी आणि डावीकडच्या यादीतून व्हिडिओचा ट्रॅक निवडावा. तिथे साठवलेल्या पिक्सेलची रुंदी-उंची आणि दाखवण्याची, म्हणजे डिस्प्लेची, रुंदी-उंची अशा दोन जोड्या दिसतात. पहिल्या जोडीला हात लावू नये. दुसऱ्या जोडीत हवे ते आकडे भरावेत: ७२० × ५७६ चे चित्र ४:३ मध्ये दाखवायचे असेल तर ७६८ आणि ५७६, १६:९ मध्ये दाखवायचे असेल तर १०२४ आणि ५७६. पूर्ण एचडी चौकटीत ताणून बसवलेले जुने ४:३ चित्र असेल, तर १४४० आणि १०८०. डिस्प्लेचे एकक पिक्सेल हेच राहू द्यावे आणि सेव्ह करावे. कित्येक जीबींची फाइल असली तरी हे क्षणार्धात होते, कारण बदलतात ते हेडरमधले मोजके बाइट.

फाइल एमपी४ किंवा एव्हीआय असेल, तर हेडर एडिटर तिला उघडणार नाही. अशा वेळी त्याच प्रोग्रामच्या मल्टिप्लेक्सर विभागात ती टाकावी, व्हिडिओचा ट्रॅक निवडून उजवीकडच्या गुणधर्मांत ॲस्पेक्ट रेशो, म्हणजे दाखवण्याचे गुणोत्तर, भरावा आणि मल्टिप्लेक्सिंग सुरू करावे. यात चित्र आणि आवाज जसेच्या तसे नव्या एमकेव्ही वेष्टनात उतरवले जातात, त्यामुळे वेळ लागतो तो फाइल कॉपी होण्याइतकाच. एव्हीआयच्या बाबतीत मी हाच मार्ग सुचवेन, कारण त्या वेष्टनात लिहिलेले गुणोत्तर अनेक प्लेअर वाचतच नाहीत.

एमपी४ हीच फाइल हवी असेल, तर एफएफएमपेग वापरावे लागते. हा प्रोग्राम आदेश टाइप करून चालतो आणि आदेश रोमन अक्षरांतच द्यावा लागतो. त्याची रचना अशी असते: प्रोग्रामचे नाव, मग डॅश-आय आणि मूळ फाइलचे नाव, मग डॅश-मॅप आणि शून्य, डॅश-सी आणि कॉपी, डॅश-ॲस्पेक्ट आणि हवे ते गुणोत्तर, आणि शेवटी नव्या फाइलचे नाव. यातला कॉपी हा शब्द विसरला, तर प्रोग्राम मुकाट्याने पुन्हा एन्कोड करू लागतो आणि ज्यासाठी हा खटाटोप केला तेच वाया जाते. मॅप आणि शून्य लिहिले नाही, तर प्रत्येक प्रकारचा एकच ट्रॅक घेतला जातो आणि दुसऱ्या भाषेतील आवाज नव्या फाइलमध्ये येत नाही.

मात्र या आदेशाने बदलते ती कंटेनरमधील नोंद. एच.२६४ या कोडेकच्या प्रवाहात आतही गुणोत्तर लिहिलेले असेल, तर ते तसेच राहते. त्यासाठी याच आदेशात एच२६४_मेटाडेटा (h264_metadata) हा बिटस्ट्रीम फिल्टर, म्हणजे एन्कोड न करता प्रवाहातील नोंदी बदलणारा भाग, जोडावा लागतो, आणि एचईव्हीसी या कोडेकसाठीही तसाच वेगळा फिल्टर आहे. या फिल्टरला पूर्ण चित्राचे नव्हे, तर एका पिक्सेलचे गुणोत्तर द्यावे लागते, आणि गल्लत होते ती इथेच. हिशेब असा: हव्या त्या गुणोत्तराला साठवलेल्या उंचीने गुणावे आणि साठवलेल्या रुंदीने भागावे. १९२० × १०८० चे चित्र ४:३ दिसायला हवे असेल, तर पिक्सेलचे गुणोत्तर ३/४ येते. ७२० × ५७६ साठी ते ४:३ ला १६/१५ आणि १६:९ ला ६४/४५ येते. इथे विसर्गासारखे चिन्ह न देता तिरपी रेघच द्यावी, कारण ते चिन्ह फिल्टरच्या भाषेत दोन पर्याय वेगळे करण्यासाठी राखीव आहे. ॲस्पेक्टचा पर्याय आणि फिल्टर हे दोन्ही एकाच आदेशात द्यावेत, म्हणजे आतली व बाहेरची नोंद एकच सांगते आणि कोणत्याही प्लेअरला संभ्रम राहत नाही.

नवी फाइल तयार झाल्यावर ती मीडियाइन्फोमध्ये उघडून गुणोत्तर बदलले आहे ना, आणि साठवलेली रुंदी-उंची व कोडेक पूर्वीचेच आहेत ना, हे पाहावे. एकूण आकार मूळ फाइलच्या जवळपास तेवढाच असायला हवा. तो बराच वेगळा असेल, तर कुठेतरी एन्कोडिंग झाले आहे किंवा एखादा ट्रॅक सुटला आहे असे समजावे. नंतर व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून आवाज, उपशीर्षके आणि ते मोजलेले वर्तुळ तपासावे, आणि मगच मूळ प्रत काढून टाकायची की नाही ते ठरवावे.

ही पद्धत जिथे चालत नाही अशा दोन परिस्थिती आहेत. चारही बाजूंच्या काळ्या पट्ट्या चित्रातच कायमच्या उमटलेल्या असतील, तर गुणोत्तर बदलल्याने त्या जात नाहीत, कारण त्या पट्ट्या म्हणजे खरेखुरे पिक्सेल असतात. आणि ज्या जुन्या उपकरणाला ही नोंद वाचताच येत नाही, त्याच्यासाठी चौरस पिक्सेलची वेगळी फाइल एन्कोड करावीच लागते. ती करताना स्रोत म्हणून मूळ फाइलच घ्यावी, आणि ही नवी प्रत केवळ त्या उपकरणापुरती वापरावी.